रविवार कारंजावरची मिरची, आकड्यांच्या पाट्यांसकट

नाशिकमधल्या रविवार कारंजाजवळच्या या दुकानात यंदापासून मिरचीच्या प्रत्येक पोत्यात एक पाटी खोचलेली असते. वर जातीचं नाव, मध्ये भाव, आणि खाली लाल स्केचपेननं 'तिखटपणा' असं लिहून एक आकडा. बेडगी ८,००० ते १५,०००. गुंटूर ३५,००० ते ४०,०००. तेजा ५०,००० ते १,००,०००. गिऱ्हाईक थबकतं, वाचतं आणि हमखास विचारतं, "हे एक लाख कसले?" दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढे दोन-चार गोष्टींवर बोलणार आहे, आणि शेठची आणि आमच्या घरची ओळख जुनी आहे. मसाल्याच्या दिवसांत रविवार कारंजावर नाकाला पदर लावून फिरलात की ते सापडेलच.

मी अंबडच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्त झाले तरी कुठलाही आकडा दिसला की 'कुणी मोजला, कशावर मोजला' हे तोंडातून निघतंच. शेठच्या मुलाला तेच विचारलं. तो म्हणाला, "काकू, नेटवर आहे सगळं." म्हणजे पोत्यातली मिरची कुणी मोजलेली नाही, जातीचा छापील आकडा पोत्यावर चिकटवलाय. तरीही मला पाट्या आवडल्या. का आवडल्या ते सांगते, पण आधी तो आकडा म्हणजे काय ते.

१९१२ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत विल्बर स्कोव्हिल नावाचे फार्मसिस्ट होते. त्यांनी मिरचीचा अर्क काढला आणि चाखणाऱ्या माणसांना तिखट लागायचं थांबेपर्यंत साखरेच्या पाण्यात तो पातळ करत नेला. किती पट पातळ करावा लागला, तो त्या मिरचीचा आकडा. माणसाच्या जिभेवर बेतलेली पद्धत, त्यामुळे ज्याची जीभ निबर त्याचा आकडा वेगळा. आता हे काम एचपीएलसी यंत्र करतं. अर्कातले घटक वेगळे होऊन एकामागून एक बाहेर पडतात, कागदावर उंच टोकं उमटतात, आणि टोकाखालचं क्षेत्रफळ मोजून कॅप्सेसिन किती ते कळतं. दहा लाखात किती भाग कॅप्सेसिन, त्याला साधारण १६ नं गुणलं की स्कोव्हिलचा आकडा. निव्वळ कॅप्सेसिनचा आकडा एक कोटी साठ लाखांच्या घरात जातो, तो त्यामुळेच.

मसाले बोर्डाच्या माहितीत गुंटूर सन्नमचं कॅप्सेसिन ०.२२६ टक्के दिलेलं आहे. म्हणजे दहा लाखात २,२६०. गुणिले १६, आले ३६,१६०. पाटीवर ३५ ते ४० हजार. हिशेब जुळतो, मुलानं नेटवर बरं काहीतरी वाचलंय. फक्त कॅप्सेसिन म्हणजे एकटं कॅप्सेसिन नव्हे. त्याच्याबरोबर डायहायड्रोकॅप्सेसिन असतं, दोघांत दोन हायड्रोजनचा फरक, तिखटपणाला जवळपास सारखेच. मिरचीतल्या तिखट घटकांपैकी ८० ते ९० टक्के वाटा या दोघांचाच. उरलेल्यात तीन-चार किरकोळ भावंडं, आणि तीही थोडी मवाळ.

आता पाट्या का आवडल्या. आपल्याकडे मिरची घेताना बाई दोनच प्रश्न विचारते: "तिखट आहे का?" आणि "रंग येतो का?" आणि लालभडक दिसली की ती तिखट असणारच असं धरून चालते. दुकानदारही तिला अडवत नाही. खरं तर या दोन संपूर्ण वेगळ्या रसायनांच्या गोष्टी आहेत. तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि कॅप्सेसिनला ना रंग ना वास. शुद्ध असेल तर पांढरे स्फटिक. लाल रंग कॅप्सँथिन आणि त्याच्या जातकुळीतल्या कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजराच्या नात्यातला. एकाच मिरचीत एक भरपूर आणि दुसरं नावाला, असं सहज असू शकतं. बेडगी तशीच आहे. आकड्याची पाटी लावल्यावर पहिल्यांदा गिऱ्हाइकाला दिसतं की सगळ्यात लाल मिरचीचा आकडा सगळ्यात लहान आहे. माझ्यादेखत एक बाई शेठशी भांडली, पाटी उलटी लागली म्हणून.

माझी तक्रार अशी की रंगाचा आकडा पाटीवर नाही. तोही मोजतात. मिरचीचा अर्क अॅसिटोनमध्ये काढून ४६० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो किती प्रकाश शोषतो ते बघायचं, त्याला अॅस्टा मूल्य म्हणतात. बेडगीचं १६० च्या आसपास, गुंटूर सन्नमचं ३२. पाचपट फरक! बेडगीला गुंटूरपेक्षा चढा भाव मिळतो तो या आकड्याला, आणि तोच पाटीवर नाही. मुलाला सांगितलं. "लिहितो काकू," म्हणाला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा पाट्या होत्या तशाच.

यंदा मी बेडगी, गुंटूर, तेजा, संकेश्वरी आणि लवंगी अशा पाच घेतल्या, थोड्या थोड्या, वेगवेगळ्या पुड्यांत. घरी पाचही मिरच्यांची देठं काढली, सारख्या वजनाची भरड केली आणि पाच पांढऱ्या वाट्यांत शेंगदाण्याचं कोमट तेल घालून त्यात टाकली. अॅसिटोन घरात नाही, आणि असता तरी चाखता आला नसता. तेल चालतं, कारण रंग आणि तिखट दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. बेडगीच्या वाटीत बघता बघता तेल गडद होत गेलं, वाटी तिरकी केली की कडेला डाळिंबी रेघ राहायची. तेजाचं तेल नारिंगीवर अडकलं. संकेश्वरी मधोमध. लवंगीनं तर रंगाच्या बाबतीत हातच वर केले.

चाखायला आमचे हे बसले. पावाचा तुकडा तेलात टेकवायचा, खायचा, थांबायचं, दही खायचं, मग पुढची वाटी. कुठली कुठली ते सांगितलं नव्हतं. बेडगीला "ही काय, ढोबळी मिरची का?" आणि तेजाला एक शब्दही नाही, नुसता हात दह्याच्या वाटीकडे. पाणी मागितलं, मी दिलं नाही. पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दुधा-दह्यातली चरबी आणि केसीन हे प्रथिन ते धरून नेतं. आपल्या मिसळीसोबत दह्याची वाटी ठेवणाऱ्यांना केसीन माहीत नव्हतं, पण उपाय बरोबर सापडला होता. तोंडात जे भाजतं ते खरोखर भाजल्याचंच सोंग असतं. उष्णता ओळखणारं जे ग्राहक प्रथिन आपल्या नसांमध्ये असतं त्यालाच कॅप्सेसिन चिकटतं, आणि मेंदूला वाटतं तोंडात निखारा पडला. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत.

दुकानातल्या मालाबद्दल जातीवार.

बेडगी हा या दुकानाचा मान. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे तिचं गाव, २०११ पासून भौगोलिक मानांकन. कड्डी म्हणजे लांबट आणि डब्बी म्हणजे बुटकी फुगीर, असे दोन प्रकार. शेठ दोन्ही ठेवतात, वेगळ्या पोत्यांत, आणि न विचारता सांगतात कुठली कुठली. बाकीच्या दुकानांत दोन्हीची खिचडी असते. साल सुरकुतलेली हवी. हातात घेतली की कागदासारखी वाजू नये, थोडी चिवट लवावी. इथली तशी होती. वरच्या थरात फटकी, म्हणजे पांढुरक्या डागांच्या मिरच्या, जवळजवळ नव्हत्या. हात घालून तळातून मूठ काढली तेव्हा काही निघाल्या, पण तेवढ्या चालायच्या. तळातून मूठ काढू देतात हीच मोठी गोष्ट, कितीतरी ठिकाणी पोत्याला हात लावला की शेठच्या कपाळाला आठ्या.

तेजा छान होती. आंध्र-तेलंगणातली, बारीक, चकचकीत, टोकदार. पाटीवर ५० हजार ते एक लाख असं लिहिलंय, आणि हा पल्लाच सांगतो की आकडा जातीचा आहे, पोत्याचा नाही. एकाच जातीची मिरची पाण्याच्या ताणावर, उन्हावर आणि कितपत पिकून तोडली त्यावर तिखटपणा बदलते. एकाच झाडावरच्या दोन मिरच्या सारख्या नसतात. तेव्हा पाटी वाचून ग्रॅमचा हिशेब मांडू नका. क्रम बघा, तो बरोबर आहे. तेवढा पुरतो.

गुंटूर ठीक. सगळ्या घरांत तीच जाते, तिच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

संकेश्वरीच्या बाबतीत मी समाधानी नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची ही मिरची लांब, पातळ सालीची, आणि कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्याचा तो जीव. माझी बहीण तिकडे दिलेली आहे, तिच्या घरची मी बघितली आहे. इथल्या पोत्यात निम्म्या मिरच्या भलत्याच जाड सालीच्या होत्या. मुलगा म्हणाला, "काकू, माल असाच आला." शेठ मात्र सरळ म्हणाले, "वहिनी, तुम्ही यातली नेऊ नका, तेजा आणि बेडगी मिसळा." धंदा सोडून सल्ला दिला, हे लिहायलाच हवं.

लवंगी बारकी, झोंबरी. घरात चटणीपुरती ठेवा. मसाल्यात घालायची असेल तर पोरंबाळं जेवतात हे लक्षात घेऊन घाला.

काउंटरवर मिरची मोडून दाखवतात, हेही आवडलं. आत पांढरी-पिवळसर शीर असते, तिला बिया चिकटलेल्या असतात. कॅप्सेसिन तयार होतं ते त्या शिरेत. बी तिखट असतं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, पण बीला शिरेचा संसर्ग, एवढंच. तिखट कमी हवं म्हणून बिया झटकून शिरा तशाच ठेवणाऱ्यांनी ही मोडलेली मिरची जरूर बघावी. आणि एक, वास घेऊन 'ही तिखट नाही' असं ठरवू नका. कॅप्सेसिनला वासच नाही. खकाणा उठतो तो नाकात घुसलेल्या बारीक भुकटीचा, आणि तो बेडगीच्या पोत्याजवळही उठतो.

आता तक्रारी.

पहिली, काचेच्या बरण्या. दर्शनी भागात तयार तिखटाच्या मोठ्या बरण्या मांडल्यात, दुपारनंतर ऊन थेट त्यांच्यावर. दिसायला सुरेख, पण कॅरोटिनॉइडांना प्रकाश आणि हवा दोन्ही वैरी. भुकटी केली की पृष्ठभाग वाढतो, मग तर रंग भराभर उडतो. कॅप्सेसिन त्या मानानं टिकाऊ. म्हणून जुनं तिखट फिकं दिसतं पण तोंड भाजायचं ते भाजतंच, आणि भाजीला रंग नाही म्हणून आपण आणखी एक चमचा घालतो. पुढचं सांगायला नको. मुलाला म्हटलं, बरण्या आत घे. त्यानं वर्तमानपत्र लावलं. तेही बरंच झालं.

दुसरी तक्रार काश्मिरी तिखटाची. एका बरणीवर 'काश्मिरी' लिहिलंय आणि तिचा भाव सगळ्यांत वरचा. शेठना बाजूला घेऊन विचारलं. हसले. "बेडगीच आहे वहिनी, नाव काश्मिरी लावलं की जातं." रसायनाच्या बाजूनं गिऱ्हाइकाचं काही बिघडत नाही, रंग भरपूर आणि तिखट कमी हेच त्याला हवं असतं. खिशाचं बिघडतं. अख्खी बेडगी घ्या, दळून आणा.

तिसरी, पाण्याचा शिडकावा. मिरची वाहताना चुरा होऊ नये म्हणून व्यापारात थोडं पाणी मारतात, हे जुनंच आहे. पण वजनही वाढतं, आणि ओलसर मिरचीला बुरशी लागली की अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती. अन्न सुरक्षा नियमांत मिरचीतल्या ओलाव्याची मर्यादा ११ टक्के आहे. दुकानात तो मोजणार कोण? बोटांनी वाकवून बघायचं, देठाजवळ काळपट पांढरी बुरशी आहे का बघायचं. गुंटूरच्या एका पोत्यातली मिरची मला दमट वाटली, शेठनी दुसरं पोतं उघडून दिलं.

तयार तिखटाबद्दल सगळे विचारतात, भेसळ कशी ओळखायची. ग्लासभर पाण्यात चिमूट टाकायची युक्ती तुम्हाला माहीत असेल: रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर कृत्रिम रंग, तळाला खर बसली तर विटेची भुकटी. युक्ती चांगली आहे, पण ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगापुरतीच. २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले ते सुदान-१ या रंगापायी, आणि तो आला होता मिरचीपुडीतून. सुदान तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ग्लासातल्या परीक्षेत तो बिनबोभाट पास होतो. त्याला प्रयोगशाळाच लागते. माझं घरचं उत्तर सोपं आहे: अख्खी मिरची, डोळ्यांदेखत कांडलेली.

कांडपाची सोय दुकानाच्या मागच्या अंगाला आहे, आणि या सगळ्यात मला तीच सर्वांत आवडली. डंक आहे, लोखंडी मुसळ्या उखळात वरखाली आपटतात. बाजूला पल्व्हरायझरही आहे, तो झटपट काम करतो पण पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम बाहेर येतं. गरम झालं की धणे-लवंगांचा सुवास उडतो आणि रंगही थोडा खातो. कांडपाच्या मावशी विचारतात, "डंक का मशीन?" डंक म्हणा. वेळ लागतो, रांग असते, नंबर धरून बसावं लागतं. मिरची मात्र कडक वाळलेली न्या. वाळवताना वर सुती पातळ कापड टाका, धूळही बसत नाही आणि उन्हानं रंगही कमी उडतो. मऊ मिरची डंकात चिकटते आणि मावशी सगळ्यांसमोर बोलतात.

डंकाची एक अडचण आहे. आधीच्याचा मसाला उखळात राहतो. माझ्या आधी कुणाचा तरी खोबरं घातलेला काळा मसाला झाला होता, आणि माझं नुसतं तिखट होतं. मी आग्रह धरला की पहिली मूठभर मिरची कांडून बाजूला टाका, मग बाकीची. मावशींनी टाकली, पण मागितल्याशिवाय कुणी टाकत नाही. भिंतीवर एक सूचना लावायला काय हरकत आहे? आमच्या सासूबाई भुसावळच्या, त्या डंकावर स्वतः उभ्या राहून उखळ पुसून घ्यायच्या, मगच पिशवी सोडायच्या.

मिश्रणाचं माझं प्रमाण: तीन भाग बेडगी, एक भाग तेजा. तर्रीसाठी हे जमतं. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लाल तेलाचा थर, आणि आधी सांगितल्याप्रमाणे रंग आणि तिखट दोन्ही तेलातच उतरतात. म्हणून तिखट फोडणीत घालायचं, मंद आचेवर, आणि लगेच पाणी घालून सावरायचं. जळलं की कडू. पाण्यात घातलेलं तिखट रश्श्याला नुसता गढूळपणा देतं. नुसत्या गुंटूरची तर्री केली तर तिखट येते पण रंग विटकरी, आणि मग मिसळवाले रंग कुठून आणतात हा प्रश्न पडतो. चांगले मिसळवाले बेडगीवर खर्च करतात, वरची तर्री बघून कळतंच.

साठवण: कोरडी बरणी, अंधारं कपाट, वरून हिंगाचे दोन खडे. वर्षभराचं तिखट एकदम बाहेर काढू नका. मोठ्या बरणीतून छोट्या डब्यात काढत जा.

दुकान गर्दीचं आहे. रविवार कारंजावर गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा, रिक्षानं या. सकाळी लवकर आलात तर शेठ स्वतः असतात आणि पोती उघडून दाखवायला वेळ देतात. संध्याकाळी मुलगा असतो, तो गोड बोलतो पण तळाची मूठ काढू देताना घाई करतो. डंक दुपारी बंद. पिशवी सुती आणि घरची न्या, कारण कांडलेलं गरम तिखट तिथं थेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, आतून वाफ धरते, आणि ११ टक्क्यांचा सगळा विचार तिथंच वाया जातो. मी मावशींना सांगते, उघडंच द्या, घरी ताटात पसरून गार करते.